एक आरोपी, दोन कोर्टं

3 ऑक्टोबर 1987 रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत, रूट 55 या रस्त्यावर एक मोटार मधली रेषा ओलांडून पलीकडे शिरली आणि समोरून येणाऱ्या दोन गाड्यांवर आदळली. एका गाडीतली स्त्री दगावली, तिचा नवरा जबर जखमी झाला. धडक देणाऱ्या चालकाच्या रक्तात 0.19 टक्के अल्कोहोल निघालं. त्या वेळची कायदेशीर मर्यादा 0.10 होती. पोलिसांनी त्याला इस्पितळातच दोन चिठ्ठ्या दिल्या. एक दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, दुसरी उजवी बाजू सोडल्याबद्दल. दोन्हींवर लाग्रेंज गावच्या टाउन कोर्टाची तारीख होती. सरकारी वकिलाच्या कार्यालयातल्या एका सहायकाला त्याच संध्याकाळी मृत्यूची बातमी कळली होती आणि थोड्याच दिवसांत दुसरा सहायक मनुष्यवधाच्या खटल्यासाठी पुरावे गोळा करू लागला होता. टाउन कोर्टातली तारीख कधीची आहे, हे पाहायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. 27 ऑक्टोबरला चालक त्या कोर्टात गेला आणि दोन्ही आरोप कबूल करून आला. माणूस गेला आहे हे न्यायाधीशाला कुणी सांगितलं नाही. 17 नोव्हेंबरला शिक्षा सुनावताना हजर असलेल्या सहायक सरकारी वकिलाकडे फाइल नव्हती, मृत्यूचीही कल्पना नव्हती. तिने कमीत कमी दंडाची मागणी केली. 350 डॉलर दंड, 10 डॉलर अधिभार, सहा महिने परवाना रद्द. प्रकरण मिटलं.

दोन महिन्यांनी, 19 जानेवारी 1988 ला, ग्रँड ज्युरीने (म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्याच अपघाताबद्दल त्याच माणसावर मनुष्यवधाचा आरोप ठेवला. तेव्हा बचावाचा मुद्दा तयारच होता: याच कृत्यासाठी मला एकदा दोषी धरून झालं आहे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1990 मध्ये ‘ग्रेडी विरुद्ध कॉर्बिन’ या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी चालकाचं, म्हणजे कॉर्बिनचं, म्हणणं मान्य झालं. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं त्याचा आशय असा की, मनुष्यवध सिद्ध करण्यासाठी सरकार जी कृत्यं पुढे करणार आहे, तीच पिऊन गाडी चालवणं आणि रेषा ओलांडणं ही आहेत आणि त्यांचा निकाल आधीच लागला आहे. तीनच वर्षांनी, 1993 मध्ये, ‘डिक्सन’ खटल्यात न्यायालयाने हा निकाल स्वतःच रद्दबातल ठरवला. कायद्याच्या अभ्यासकांनी या सगळ्याचा काथ्याकूट ‘एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही’ या तत्त्वाच्या अंगाने केला आणि तो रास्तच होता. पण तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला तोच मुळी एका साध्या व्यवस्थेमुळे. एकाच माणसाच्या एकाच कृत्याचे दोन तुकडे करून ते दोन कोर्टांत पाठवले गेले होते आणि या कोर्टातलं त्या कोर्टाला कळत नव्हतं.

ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत फौजदारी गुन्ह्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. ज्याला एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा; त्याखालचा मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ. बहुतेक राज्यांत या दोन वर्गांसाठी दोन पातळ्यांवरची कोर्टं उभी राहिली. न्यू यॉर्क राज्यात किरकोळ गुन्हे गावोगावच्या टाउन कोर्टांत चालतात (तिथले बरेचसे न्यायाधीश वकीलही नसतात) आणि न्यू यॉर्क शहरात क्रिमिनल कोर्टात. गंभीर गुन्हे काउंटी कोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जातात. या राज्यातलं सुप्रीम कोर्ट म्हणजे सर्वांत वरचं न्यायालय नव्हे. ते खटले चालवणारं कोर्ट आहे आणि शेवटचा शब्द कोर्ट ऑफ अपील्सचा असतो. गंभीर गुन्ह्याची सुरुवातही बहुतेकदा खालच्याच कोर्टात होते. आरोपीला प्रथम तिथे उभं करतात, जामीन ठरतो, आणि ग्रँड ज्युरीने आरोपपत्र दिलं की प्रकरण वर जातं. एकाच घटनेतले किरकोळ आरोप गंभीर आरोपाला जोडून वर नेण्याची सोय न्यू यॉर्कच्या कायद्यात आहे. डचेस काउंटीत ती वापरण्याआधीच खालचं कोर्ट मोकळं झालं होतं. आपल्याकडेही दंडाधिकारी आणि सत्र न्यायालय अशी वाटणी आहे, पण एकाच व्यवहारातले अनेक गुन्हे एकाच खटल्यात चालवण्याची तरतूद जुन्या फौजदारी संहितेच्या 220 व्या कलमात होती, ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 243 व्या कलमात आली आहे. शिवाय सत्र न्यायालयाला दंड संहितेतला कोणताही गुन्हा चालवता येतो. तेव्हा एका घटनेतल्या आरोपांचा प्रश्न भारतात बराचसा सुटलेला आहे. अमेरिकेत तो सुटायला वेळ लागला. आणि दोन वेगळ्या घटनांमधले, पण एकाच आरोपीवरचे आरोप, हा प्रश्न तर अजूनही लोंबकळतो आहे.

गंभीर आणि किरकोळ ही विभागणी अमेरिकेने इंग्लंडकडून घेतली. इंग्लंडने 1967 च्या क्रिमिनल लॉ अ‍ॅक्टने ती मोडीत काढली आणि पुढे 1988 च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टच्या 40 व्या कलमाने साधी मारहाण, परवाना रद्द असताना गाडी चालवणं असे काही छोटे गुन्हे मोठ्या आरोपासोबत क्राउन कोर्टात चालवण्याची मुभा दिली. अमेरिकेत मात्र घेतलेली वस्तू घट्ट धरून ठेवली गेली. कोर्टांच्या विखुरलेपणाविरुद्धचा एक मोठा आवाज 1906 चा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेंट पॉल शहरात अमेरिकन बार असोसिएशनपुढे नेब्रास्काचे तरुण कायदेपंडित रॉस्को पाउंड यांनी लोक न्यायव्यवस्थेवर नाराज का आहेत याची कारणं मांडली. त्यातलं एक प्रमुख कारण होतं कोर्टांचा सुळसुळाट. एकाच कामासाठी अनेक कोर्टं, त्यांच्या हद्दींचे वाद आणि त्या वादांत वाया जाणारी न्यायाधीशांची मेहनत. श्रोत्यांतल्या ज्येष्ठांना ते भाषण झोंबलं, पण पुढच्या शतकभरातल्या अनेक न्यायसुधारणा त्याच भाषणाचं बोट धरून चालल्या. हद्द ठरवण्याचं काम किती तकलादू असू शकतं याचं एक उदाहरण फ्लोरिडाचं आहे. क्लॅरेन्स गिडियन या गरीब आरोपीच्या 1963 च्या प्रसिद्ध खटल्याने गंभीर गुन्ह्याच्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क देशभर मिळाला. त्याच्यावरचा आरोप होता, किरकोळ गुन्हा करण्याच्या उद्देशाने एका पूल-रूममध्ये घुसल्याचा. उद्देश किरकोळ, आरोप मात्र गंभीर. किरकोळ गुन्ह्यांत कैद झालेल्यांना तोच हक्क मिळायला 1972 साल उजाडलं. म्हणजे नऊ वर्षं अनेक ठिकाणी एकाच माणसाला वरच्या कोर्टात वकील मिळत होता, आणि खालच्या कोर्टात तो स्वतःच स्वतःचा वकील होता.

डचेस काउंटीत दोन कोर्टांच्या फटीतून आरोपी सुटला. असं क्वचित घडतं. फार वेळा आरोपीच त्या फटीत अडकतो. हे समजायला अमेरिकन फौजदारी न्यायाचं एक वास्तव ध्यानात घ्यावं लागतं: तिथे खटले जवळपास चालतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ‘मिसुरी विरुद्ध फ्राय’ या निकालात नोंदवलं की केंद्रीय न्यायालयांतल्या 97 टक्के आणि राज्यांतल्या 94 टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात. कबुली म्हणजे सौदा, आणि सौद्याला दोन्ही बाजूंनी एकूण देणंघेणं समोर लागतं. आरोपीवर घरफोडीचा गंभीर आरोप वरच्या कोर्टात आणि दुकानातल्या चोरीचे दोन किरकोळ आरोप खालच्या कोर्टात असतील, तर वकील दोन, न्यायाधीश दोन, तारखा वेगळ्या. खालचा वकील दहा दिवसांची शिक्षा म्हणजे स्वस्तात सुटका समजून त्याला कबुली द्यायला सांगतो. ती कबुली वरच्या कोर्टात पूर्वीचा गुन्हा म्हणून पुढे येते आणि शिक्षा वाढवू शकते. आरोपी परदेशी नागरिक असेल, तर ती क्षुल्लक कबुली त्याला देशाबाहेर घालवू शकते. ‘पडिला विरुद्ध केंटकी’ या 2010 च्या निकालाने वकिलावर असा धोका आरोपीला सांगण्याची जबाबदारी टाकली, पण ज्या प्रकरणाची फाइलच हातात नाही त्यातला धोका वकील कसा सांगणार?

याहूनही विचित्र गोष्ट तुरुंगवासाच्या हिशेबाची आहे. मोठ्या प्रकरणात जामीन परवडत नाही म्हणून माणूस न्यू यॉर्क शहराच्या रायकर्स आयलंड तुरुंगात बसला आहे, पण छोट्या प्रकरणात तो कागदोपत्री मोकळा आहे, असं असेल तर तुरुंगातले ते दिवस छोट्या प्रकरणात मोजले जात नाहीत. म्हणून न्यू यॉर्कचे वकील स्वतःहून न्यायाधीशाला विनंती करतात की छोट्या प्रकरणातही एक डॉलर जामीन लावा. एक डॉलरचा जामीन लागला की तो भरायचा नाही, आणि दिवस दोन्ही खात्यांवर चढू लागतात. युक्ती हुशारीची आहे, पण तिला दुसरी बाजू आहे. मोठं प्रकरण कोसळलं की तो एक डॉलर भरल्याशिवाय दार उघडत नाही, आणि तो शिल्लक आहे हे आरोपीला कुणी सांगेलच असं नसतं. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये शहरात एका माणसाच्या बाबतीत हेच झालं. पंचवीस हजार डॉलर जामिनाचं मोठं प्रकरण मुदतीत ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र न आल्याने सैल झालं. दोन छोट्या प्रकरणांतले एकेक डॉलर उरले. दोन डॉलरांसाठी तो काही महिने आत राहिला, कारण मोठा जामीन उठल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही.

हे उदाहरण ‘सगळं एका कोर्टात आणा’ म्हणणाऱ्यांना आपलंसं वाटेल, पण ते नीट पाहिलं तर त्यांच्या बाजूने जात नाही. ग्रँड ज्युरीचं आरोपपत्र आलं नव्हतं, म्हणजे मोठं प्रकरणही तेव्हा खालच्याच कोर्टात होतं. छत एकच होतं. फायली तीन होत्या. माणूस मात्र कुणाच्याच हातात नव्हता. माझ्या मते या वादाची किल्ली इथेच आहे. कोर्टं एकत्र करणं आणि एका आरोपीची प्रकरणं एका हाती देणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीने दुसरी आपोआप साधत नाही. उलट पहिलीचा हट्ट धरला तर दुसरी हातची जाऊ शकते.

कॅलिफोर्नियाने पहिली गोष्ट केली, तीही मोठ्या प्रमाणावर. जून 1998 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 220 मंजूर केलं. प्रत्येक काउंटीतल्या वरच्या सुपीरियर कोर्टाच्या आणि खालच्या म्युनिसिपल कोर्टाच्या न्यायाधीशांनी बहुमताने ठरवलं, तर दोन्ही कोर्टं एक करायची. 58 काउंट्यांपैकी शेवटची किंग्ज काउंटी फेब्रुवारी 2001 मध्ये आली आणि राज्यातली म्युनिसिपल कोर्टं संपली. न्यायाधीश हवे तिथे बसवता येऊ लागले, दोन कारकुनी यंत्रणांची एक झाली, गंभीर प्रकरण खालून वर जाताना नवा क्रमांक, नवी फाइल असा जो प्रवास व्हायचा तो बराच सोपा झाला. राज्यातले कित्येक गुन्हे असे आहेत की फिर्यादी पक्षाला ते गंभीर म्हणूनही लावता येतात आणि किरकोळ म्हणूनही, आणि न्यायाधीशालाही काही टप्प्यांवर ते किरकोळ ठरवता येतात. अशा गुन्ह्यांबाबत तर हे एकीकरण वरदानच ठरलं. आरोपाचा दर्जा बदलला म्हणून कोर्ट बदलायचं कारण उरलं नाही. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन 47 ने 950 डॉलरपर्यंतच्या अनेक चोऱ्या एका फटक्यात किरकोळ ठरवल्या, तेव्हा जुनी द्विस्तरीय व्यवस्था असती तर फायलींचे किती गठ्ठे वरून खाली आले असते याची कल्पना करावी.

तरीही आरोपीच्या बाजूने पाहिलं तर चित्र अर्धंच बदललं. मोठ्या काउंट्यांनी आतल्या आत किरकोळ आणि गंभीर अशी वेगळी दालनं चालू ठेवली. लॉस एंजेलिस शहरात तर खटले भरणारी कार्यालयंच दोन आहेत. गंभीर गुन्हे काउंटीचा डिस्ट्रिक्ट अटर्नी चालवतो, शहरातले बहुतेक किरकोळ गुन्हे सिटी अटर्नी. कोर्ट एक आणि फिर्यादी दोन असले, की सौद्याच्या टेबलाभोवती पुन्हा जुनीच गर्दी जमते. शिवाय एक नवीन अडचण आली. किरकोळ खटल्यातलं अपील त्याच सुपीरियर कोर्टाच्या अपील विभागाकडे जातं. म्हणजे काल शेजारच्या दालनात बसणाऱ्या सहकाऱ्याचा निकाल आज आपण तपासायचा. पूर्वी वरचं कोर्ट खालच्याची झाडाझडती घेत असे. आता भाऊ भावाची घेतो. न्यायाधीश निःपक्षपाती राहतात असं मानलं, तरी दिसणंही महत्त्वाचं असतं.

ब्रॉन्क्समध्ये जे झालं ते याहून बोधप्रद आहे, कारण ते फसलं. न्यू यॉर्क शहराच्या या काउंटीत 2004 च्या अखेरीस न्यायव्यवस्थेच्या प्रशासनाने क्रिमिनल कोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचा फौजदारी भाग जवळपास पूर्ण एकत्र केला आणि ब्रॉन्क्स क्रिमिनल डिव्हिजन नावाचं एकच कोर्ट उभं केलं. राज्याच्या मुख्य न्यायाधीश ज्युडिथ केय होत्या, प्रशासनाचे प्रमुख जोनाथन लिपमन. कारण पटण्यासारखं होतं. किरकोळ खटल्यांचा डोंगर साचला होता, ते चालवायला न्यायाधीश नव्हते. आरोपीला खटला हवा असला तरी मिळत नव्हता. सगळे न्यायाधीश एका कुंडात टाकले की जिथे गरज तिथे ते जातील, असा हिशेब होता.

आधी कायदेशीर वादळ आलं. सुप्रीम कोर्टात केवळ किरकोळ आरोपावर दोषी ठरलेल्यांनी विचारलं, की ग्रँड ज्युरीच्या आरोपपत्राशिवाय या कोर्टाला आमच्यावर अधिकार आलाच कुठून? एका अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्यही केलं आणि इतक्या वर्षांतले हजारो निकाल टांगणीला लागले. 2010 च्या जूनमध्ये कोर्ट ऑफ अपील्सने ‘पीपल विरुद्ध कोरेआ’ या निकालात तो धोका टाळला. राज्यघटनेने सुप्रीम कोर्टाला दिलेला अधिकार सर्वसाधारण आहे, त्यात किरकोळ गुन्हेही येतात, असं न्यायालयाने ठरवलं. या निकालाने एकत्र कोर्टाला कायद्याचं छप्पर मिळालं. आतलं घर मात्र तोवर कोसळायला लागलं होतं. किरकोळ प्रकरणांची संख्याच इतकी मोठी की रोजच्या बोर्डावर त्यांचीच गर्दी. गंभीर खटला महिन्यामागून महिने पुढे ढकलला जाई. वर्षानुवर्षं न चाललेले गंभीर खटले ही ब्रॉन्क्सची ओळख झाली, आणि 2013 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या दिरंगाईवर लेखमालाच छापली. त्याआधीच, 2012 मध्ये, किरकोळ प्रकरणं पुन्हा क्रिमिनल कोर्टाकडे परत पाठवली गेली. कलीफ ब्राउडर हा सोळा वर्षांचा मुलगा 2010 मध्ये एक पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि खटला न चालताच सुमारे तीन वर्षं रायकर्सवर राहिला, ते प्रकरण याच काळातलं आणि याच काउंटीतलं. सगळा दोष एकत्रीकरणाचा म्हणणं अन्यायाचं होईल. न्यायाधीश कमी होते, वकील तारखा मागत होते, पोलिस साक्षीला येत नव्हते. पण मोठं आणि छोटं एका बोर्डावर आणल्याने ही टंचाई भरून निघाली नाही, ती फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळली. आणि वेगळं केल्यानेही ती भरली नाही: 2016 मध्ये ब्रॉन्क्स डिफेंडर्स या संस्थेच्या वकिलांनी किरकोळ खटले वेळेत चालत नाहीत म्हणून केंद्रीय न्यायालयात दावा लावला. आधी मोठे खटले रखडले, नंतर छोटे.

या दोन अनुभवांतून मी जो निष्कर्ष काढतो तो असा, की न्यायाच्या कामाचं एकक आरोपी असावा, कलम नव्हे आणि इमारतही नव्हे. ब्रॉन्क्सने सगळ्या आरोपींची सगळी प्रकरणं एका बोर्डावर आणली. त्यातल्या बहुसंख्य लोकांवर एकच किरकोळ आरोप होता; त्यांना वरच्या कोर्टाची काहीच गरज नव्हती. गरज होती ती ज्यांच्यावर एकाच वेळी दोन्ही पातळ्यांवर प्रकरणं आहेत त्यांना, आणि अशांची संख्या एकूणात कमीच असते. न्यू यॉर्कमध्येच या रीतीचा नमुना उपलब्ध होता. घरगुती हिंसाचारासाठी केय यांच्या काळात सुरू झालेली एकात्मिक न्यायालयं याच तत्त्वावर उभी आहेत. एका कुटुंबातली मारहाणीची फौजदारी तक्रार, मुलांच्या ताब्याचं प्रकरण, घटस्फोट, हे सगळं एका न्यायाधीशापुढे येतं. ज्या कुटुंबाचं एकच प्रकरण आहे ते मात्र आपापल्या कोर्टात राहतं. फौजदारी न्यायाधीशाने नवऱ्याला घराजवळ फिरकायचं नाही असं बजावलं आणि कौटुंबिक न्यायाधीशाने त्याच आठवड्यात मुलांना भेटायला त्याच घरी जायची परवानगी दिली, अशी विसंगती तिथे होत नाही. निवड करून जोडणं आणि सरसकट ओतणं यांतला फरक हा.

याला आक्षेप आहेत, आणि त्यातले दोन तरी वजनदार आहेत. पहिला पूर्वग्रहाचा. ज्या न्यायाधीशाने सकाळी आरोपीची दुकानातल्या चोरीची कबुली ऐकली, तो दुपारी त्याच माणसाचा घरफोडीचा खटला कोऱ्या मनाने कसा ऐकेल? या आक्षेपात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक न्यायाधीश म्हणजे एक खटला नव्हे. वेगवेगळ्या घटनांचे खटले वेगवेगळे चालवता येतात, ज्युरीही वेगळी असते, आणि एका गुन्ह्याची गोष्ट दुसऱ्याच्या ज्युरीपुढे आणण्यावर पुराव्याच्या कायद्याची बंधनं आहेत. जपायचं असतं ते ज्युरीचं मन. न्यायाधीश तर जामीन ठरवताना आरोपीचा पूर्वेतिहास तसाही पाहतोच. आणि जिथे ज्युरी नाही, न्यायाधीशच निकाल देणार आहे, तिथे आरोपीने मागितलं तर तेवढ्यापुरता दुसरा न्यायाधीश द्यावा. मोठ्या काउंटीत ते अवघड नाही.

दुसरा आक्षेप सत्तेचा आहे आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. सगळी प्रकरणं एका टेबलावर आली की सरकारी वकिलाच्या हातात दाबायला जास्त कळा येतात. ‘चोरीचे दोन्ही आरोप काढतो, घरफोडी कबूल कर’ किंवा उलट, ‘नाही म्हणालास तर सगळ्यांत जास्तीत जास्त मागतो.’ ही शक्ती कुठवर जाऊ शकते हे 1978 च्या ‘बोर्डनकिर्खर विरुद्ध हेझ’ या खटल्याने दाखवलं आहे. केंटकीत 88.30 डॉलरच्या एका बनावट चेकसाठी आरोपीला पाच वर्षांच्या कैदेचा सौदा देऊ केला होता. त्याने नकार दिल्यावर सरकारी वकिलाने सराईत गुन्हेगाराचं कलम लावलं आणि जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. सगळं एका कोर्टात आणल्याने ही ताकद जन्माला येत नाही. बहुतेक काउंट्यांत दोन्ही पातळ्यांचे खटले एकच फिर्यादी कार्यालय चालवतं, तेव्हा त्याच्यापाशी एकत्र चित्र आजही असतं. ज्याच्यापाशी ते नसतं तो आरोपी आणि त्याचे विखुरलेले वकील. म्हणून एकत्र आणण्याचा पहिला लाभ बचावाला होतो, पण एका अटीवर: बाजूला एकच वकील हवा, आणि एकत्र करायचं की नाही हे ठरवण्यात आरोपीचं मत निर्णायक हवं. इंग्लंडच्या 40 व्या कलमात छोटा गुन्हा मोठ्याला जोडण्याची सुरुवात फिर्यादीकडून होते. मला ते उलटं वाटतं.

स्थानिकतेचा आक्षेप मी फार मोठा मानत नाही. गावच्या कोर्टाला गाव कळतं, हे खरं असलं तरी ज्याच्यावर काउंटीत मनुष्यवधाचा आरोप येऊ घातला आहे त्याचं पिऊन गाडी चालवणं गावाने स्वतंत्रपणे निकालात काढण्यात कुणाचंच भलं नाही. अशा वेळी टाउन कोर्टाने थांबावं आणि फाइल वर पाठवावी. ते कळायला सामाईक नोंद हवी, आणि तिच्यासाठी संगणकाहूनही एका साध्या सवयीची गरज जास्त आहे: कबुली स्वीकारण्याआधी न्यायाधीशाने ‘या माणसावर आणखी काय आहे?’ असं विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये.

खरी अडचण वेळेची आहे, आणि एकत्रीकरणाचे समर्थक तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. न्यू यॉर्कच्या फौजदारी कार्यपद्धतीच्या 30.30 या कलमानुसार किरकोळांपैकी वरच्या वर्गातल्या गुन्ह्यात सरकारने नव्वद दिवसांत खटल्याला सज्ज व्हायचं असतं, फेलनीत सहा महिन्यांत. पण एकाच कारवाईत एक जरी फेलनी असली, की सगळ्या कारवाईला सहा महिने लागू होतात. म्हणजे छोटा आरोप मोठ्याला बांधला की त्याचं घड्याळ दुपटीने मंदावतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं. किरकोळ आरोपाखाली अडकलेल्या माणसासाठी तीन महिने म्हणजे नोकरी जाणं, भाडं थकणं. त्यामुळे एका न्यायाधीशाकडे सोपवताना प्रत्येक आरोपाचं घड्याळ स्वतंत्र चालू ठेवलं पाहिजे: नव्वद दिवस संपले आणि सरकार तयार नसेल, तर मोठा खटला कितीही दूर असो, छोटा आरोप गळून पडावा. आणि मोठा आरोपच आधी कोसळला, ग्रँड ज्युरीने नाकारला किंवा सरकारने मागे घेतला, तर उरलेलं किरकोळ प्रकरण त्याच न्यायाधीशाने त्याच दिवशी हाती घ्यावं, जामिनाची उरलीसुरली रक्कम तिथल्या तिथे रद्द करावी आणि ते प्रकरण पुन्हा खालच्या कोर्टाच्या रांगेच्या शेपटाला लावू नये. एवढ्या तरतुदी नसतील, तर दोन कोर्टं वेगळी राहिलेलीच बरी.